न्यू तूफान म्युझिकल पार्टी, सोनपेठ

भिंतींना गुलाबी रंग दिलाय, खाली चकचकीत फरशी बसवलीय, वर कापडी झुंबरं टांगलीत. पण दारातून पाऊल आत टाकलं आणि सरकीचा तो तेलकट, उबदार, किंचित कुबट वास सरळ नाकात शिरला. रंगाचे कितीही हात द्या, या भिंती आतून अजून कापूसच आहेत.

आता हे मंगल कार्यालय आहे. पूर्वी ही सोनपेठची जिनिंग होती. हिवाळाभर इथं बैलगाड्यांची रांग लागायची, मशिनी घरघरायच्या, कापसातून सरकी निघायची, गाठी बांधल्या जायच्या. उन्हाळा लागला की सगळं थंड. मग हे भलंमोठं रिकामं गोदाम आमचं व्हायचं. आमचं म्हणजे दत्ता, गौतम, रज्जाक आणि मी.

उद्या इथं दत्ताच्या नातीचं लग्न आहे. त्यासाठी जिंतूरहून मी सकाळच्या एसटीनं आले. बाकीचे दुपारपर्यंत येतील. तोवर हा हॉल माझ्या एकटीचा. एका खुर्चीवर बसले, डोळे मिटले, आणि गुलाबी रंग गेला, फरशी गेली, वरचे पत्रे तापून कडकड वाजायला लागले.

ते अठ्ठ्याहत्तर साल होतं. मी अठरा वर्षांची, शाळामास्तरांची मुलगी. दत्ताच्या वडिलांचा जिनिंगमध्ये हिस्सा होता, म्हणून गोदामाची किल्ली दत्ताकडं. घरची जमीन भरपूर, अंगात कामाचा कंटाळा आणि डोक्यात फक्त गाणं. त्यानं कुठून तरी एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक माइक पैदा केला होता. त्या ॲम्प्लिफायरला आम्ही नुसतं 'मशीन' म्हणायचो. चालू केलं की त्यातून आधी घूं असा आवाज यायचा, मग जळक्या रबराचा वास, आणि मग कधीकधी आवाज.

रज्जाक शिंप्याचा मुलगा. हातात कात्री दिली की त्याला झोप यायची आणि ढोलक दिली की त्याच्या खांद्यांपासून नखांपर्यंत वीज फिरायची. सरावाआधी तो बाहेरच्या अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ करायचा आणि ढोलकीचं कातडं शेकायचा. कापसाच्या वाळक्या काटक्यांचा तो गोडसर धूर अजून माझ्या केसांत आहे असं वाटतं.

आणि गौतम. तो नदीपल्याडच्या खेड्यातून सायकलवर यायचा, कॅरिअरला बेंजो बांधून. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा असलेलं ते वाद्य. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं वाजवायचा. ते त्याच्या घरातच होतं. त्याचे वडील, आबा, एकतारीवर भीमगीतं गात गावोगाव जायचे. गौतम सांगायचा, "आमच्या घरी लेकरू रडलं तरी आबा म्हणतेत, सुरात रड."

मला गाण्याची परवानगी कशी मिळाली, ते विचारूच नका. घरात चूल पेटली नाही एक दिवस. शेवटी अण्णा, माझे वडील, म्हणाले, "जाऊ द्या पोरीला. पण गोदा संगं जाईल." गोदाआत्या म्हणजे अण्णांची विधवा बहीण. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर, मांडीवर पानाचा डबा. सरावाच्या पहिल्या दिवशी ती दारातल्या कापसाच्या गाठीवर बसली आणि तिघा मुलांकडं बघून म्हणाली, "मी इथं बसणार हाय. तुमी वाजवा. पण पोरीकडं बघून वाजवायचं न्हाई." बिचारा रज्जाक पुढचा महिनाभर छताकडं बघून ढोलक वाजवायचा.

काय दिवस होते ते! सराव संपला की आम्ही सगळे पांढरे झालेलो असायचो. कानाकोपऱ्यात राहिलेला कापूस उडून केसांवर, पापण्यांवर, बेंजोच्या तारांवर बसायचा. वरचा सूर लावायला तोंड उघडलं की एखादा तंतू घशात. मी खोकायचे, गौतम तेवढ्यात तीच ओळ पुन्हा फिरवून घ्यायचा, आणि मी परत येईपर्यंत गाणं दाराशी उभं असायचं.

नाव दत्तानं ठेवलं. रज्जाकच्या अब्बांच्या दुकानात आम्ही चौघं आणि आत्या दाटीवाटीनं उभे होतो. कोळशाच्या इस्त्रीचा वास, नव्या कापडाचा वास. अब्बा आमच्यासाठी लाल साटीनचा बॅनर शिवत होते.

"नाव सांगा बेटा, चमकी लावायची हाय."

"न्यू तूफान म्युझिकल पार्टी," दत्ता छाती काढून म्हणाला.

अब्बांनी चष्मा कपाळावर सरकवला. "न्यू? मग जुनी तूफान कुठं हाय?"

"जुनी न्हाई, चाचा. पण न्यू म्हणलं की वजन येतंय."

त्याच उन्हाळ्यात राणीसावरगावच्या एका लग्नाचं आमंत्रण आलं. पहिलाच कार्यक्रम. टेम्पोत आम्ही, भोंगे, मशीन, आत्या आणि आत्याचा पानाचा डबा. रज्जाकच्या अब्बांनी पडद्याच्या कापडातून तिघांना चमकीचे शर्ट शिवले होते. घामानं ती चमकी सुटून सगळ्यांच्या गालांवर चिकटली होती.

गोरज मुहूर्त. अक्षता पडल्या, माणसं पंगतीला बसली, दत्तानं माइकवर "हॅलो, हॅलो" केलं, मी पहिली ओळ उचलली. आणि लाइट गेली. मशीन मेलं. भोंगे मुके. मंडपात हसू फुटलं. कोणीतरी ओरडलं, "तूफान इझलं की रं!"

दत्ताचा चेहरा रडवेला झाला. पण रज्जाक थांबला नव्हता. ढोलकीला कुठं लाइट लागते? गौतमनं बेंजो कानाशी धरला आणि मला म्हणाला, "ताई, वर चढ."

"कुठं?"

"त्या गाडीवर. उंचावरून म्हण. आवाज लांब जाईल."

मंडपाच्या कडेला एक सोडलेली बैलगाडी होती. मी साडी खोचली आणि चढले. आत्याकडं बघायची हिंमत नव्हती. डोळे मिटले आणि उघड्या गळ्यानं गायले. गौतमनं स्वतः बांधलेलं गाणं होतं ते. जिंतूरच्या गाडीनं उडवलेल्या धुरळ्याचं, त्या धुरळ्यात हसणाऱ्या पोरीचं. 'जिंतूरच्या गाडीनं धुरळा उडवला, माझ्या डोळ्यात माती गं, तुला हसू कामून आलं?' दुसऱ्या कडव्याला खालून खण् खण् खण् असा नवाच आवाज यायला लागला. एकदम ठेक्यात. डोळे उघडून बघितलं तर गोदाआत्या! पानाचा डबा दोन्ही हातांनी धरून आतल्या सुपाऱ्या वाजवत होती. मान डुलत होती तिची. कंदिलाच्या उजेडात सगळी पंगत ताटं सोडून उभी राहिली होती, आणि "कामून आलं?" असं विचारायला सगळं गाव आमच्याबरोबर ओरडत होतं.

लाइट आली तेव्हा कोणाला नको होती.

त्यानंतर रज्जाकनं आत्याला खराखुरा खुळखुळा आणून दिला. ती "शीः, ह्ये काय" म्हणाली आणि पुढचे सगळे कार्यक्रम वाजवला. गंगाखेड, मानवत, पाथरी. एसटीच्या टपावर मशीन, खिडकीतून बाहेर आलेला भोंग्याचा दांडा. गावात शिरलो की पोरं मागं धावायची. मला पोरी हात लावून बघायच्या. भजी, गुळाचा चहा, मंडपातल्या ओल्या मातीचा वास, बत्तीची सूं सूं. उन्हाळा संपूच नये असं वाटायचं.

आणि मग पावसाळा आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला.

त्याबद्दल मी काय सांगू? मला वास आठवतो. पावसात भिजलेल्या राखेचा. वारा नदीकडून आला की तो सोनपेठपर्यंत यायचा. गौतमच्या वस्तीतली घरं जळाली. तो, आबा, त्याची आई जिवानिशी निघाले आणि परभणीला मामाकडं गेले, एवढंच कळलं. बाजार ओस, एसटी बंद, माणसं एकमेकांकडं न बघता बोलायची. दत्ताच्या चुलत्याच्या ओसरीवर नामांतराविरुद्ध बैठका भरायच्या. जिनिंगच्या दाराला कुलूप. आत गौतमचा बेंजो तेवढा राहिलेला, सरावाच्या शेवटच्या दिवशी ठेवून गेलेला. म्हणून वाचलेला.

दिवाळी होऊन गेल्यावर एके दिवशी दत्ता आमच्या घरी आला. हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. रज्जाक मागं उभा.

"आत्या, परभणीला जायलाव आमी. गौतमकडं. ताई येती का विचारा."

आत्या उठली, तिनं पिशवीत पानाचा डबा टाकला. "चल गं," म्हणाली.

परभणीच्या त्या वस्तीत एका खोलीत चार बिऱ्हाडं होती. गौतमची आई दारात भाकरी थापत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला, पण ती उठली नाही. गौतम बाहेर आला. वाळला होता. दत्तानं गोधडी उलगडून बेंजो पुढं धरला. गौतमनं तो घेतला नाही.

"तुपल्या चुलत्याच्या ओसरीवर काय चालतंय, आमाला ठावं हाय," तो म्हणाला.

"मला बी ठावं हाय."

"मग घरी काय सांगून आलास?"

"न्हाई सांगितलं," दत्ता म्हणाला. "आता जाऊन सांगणार हाय. तू आलास तरी सांगणार, न्हाई आलास तरी बी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तेव्हा आतून आबा आले. त्यांची एकतारी घराबरोबर गेली होती. त्यांनी दत्ताच्या हातातून बेंजो घेतला, मांडीवर ठेवला, तारेवरून अंगठा फिरवला.

"उतरलाय," म्हणाले. "सादळला आसंल." आणि खुंट्या पिळून सूर लावत बसले. एक एक तार. शेवटची तार जुळली तेव्हा त्यांनी बेंजो गौतमकडं सरकवला. "वाजव. वाद्य उपाशी ठिवू नाही."

गौतमनं वाजवलं. तो वाजवता वाजवता रडत होता आणि रज्जाक एका पत्र्याच्या डब्यावर ठेका धरत होता. वस्तीतली पोरं दारात गोळा झाली. मग गौतमच्या आईनं भाकरी आणि ठेचा आमच्यापुढं ठेवला.

"येतो मी," गौतम म्हणाला. "पण पैलं गाणं आबाचं. कुठल्या बी गावात, कुठल्या बी मंडपात. ते झाल्याबिगर दुसरं न्हाई."

"हाव," दत्ता म्हणाला.

आबांचं ते गाणं असं होतं: 'उजाडलं गं बाई, उजाडलं, माझ्या भीमाच्या पाटीवर उजाडलं.' शाळेत निघालेल्या लेकराच्या पाटीचं गाणं. मी ते आबांकडून तिथंच बसून शिकले. त्यात एक जागा आहे, 'पाटीवर' या शब्दाशी, तिथं सूर आधी खाली बसतो आणि मग एकदम उठतो. आबा म्हणाले, "पोरी, तितं घाई करू नको. लेकराला दप्तर उचलू दे आधी."

दत्तानं घरी सांगितलं. काय झालं ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. फक्त त्यानंतर तो बरेच महिने जिनिंगमध्येच झोपायचा.

गौतम परतल्यावरचा पहिला कार्यक्रम पुढच्या लगीनसराईत, एका मोठ्या गावात. मी पहिलं कडवं म्हटलं असेल नसेल, नवरदेवाचा बाप स्टेजपाशी आला. "सिनेमाची गाणी म्हणायला बलिवलंय तुमाला. ह्ये गाणं इतं व्हायचं न्हाई."

गौतम हळूच म्हणाला, "दत्ता, राहू दे. लोकाचं लगीन हाय. आज सिनेमाचं म्हणू."

"तू गप," दत्ता म्हणाला. त्यानं मशीनचा खटका बंद केला, पिना उपसल्या आणि वायर कोपरावर गुंडाळायला लागला. गर्दी पुढं सरकत होती. आत्या उठून माझ्यापुढं उभी राहिली, हातात खुळखुळा, जसं काही त्यानं ती सगळ्यांना हाणणार होती. "उचला रं सामान," म्हणाली.

सामान टेम्पोत चढलं. ड्रायव्हरनं हँडल मारलं. आणि मंडपातून नवरदेव पळत आला. मुंडावळ्या एका कानावर, एका पायात चप्पल, हातात कट्यार.

"ओ तूफान! थांबा! कुठं चाललाव?"

"तुमचे वडील नको म्हणतेत," दत्ता म्हणाला.

"वडलाचं लगीन हाय का माझं?" नवरदेव धापा टाकत होता. "वर्सभर सांगायलोय दोस्तायला, माझ्या लग्नात तूफान येणार. आज माझं ऐकावंच लागतंय सगळ्याला. उद्यापून कोण इचारतंय मला? म्हणा तुमचं कोणचं गाणं हाय ते. पण मग धुरळा पायजे बरं का! दोनदा!"

आम्ही परत गेलो. मी आबांचं गाणं पहिल्यापासून म्हटलं. त्या जागी घाई केली नाही. नवरदेव हातात कट्यार घेऊन स्टेजसमोर उभा होता आणि कोणी पुढं आलं नाही. गाणं संपलं तेव्हा टाळ्या फक्त मागून आल्या, मंडपाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांकडून. पण अशा आल्या, अशा आल्या, की गौतमची बोटं पुढच्या गाण्यात दुप्पट धावली. धुरळा दोनदा नाही, चारदा म्हटला. नवरदेवाचा बापही शेवटच्या वेळी पायानं ठेका धरत होता. बघितलं मी.

पुढची तीनचार वर्षं आम्ही खरंच तूफान होतो. ज्या गावात नाही म्हणत, तिथं दत्ता पिना उपसायचा. बऱ्याचदा परत बोलवायचे. काहीदा नाही बोलावलं, आणि मग उपाशी परतताना टेम्पोच्या फळीवर बसून आम्ही स्वतःसाठीच गायचो, दोन्ही बाजूंना ज्वारीची ताटं सळसळत. आत्या म्हणायची, "ह्योच कार्यक्रम लय झ्याक झाला."

एवढ्यातून टिकलेली पार्टी फुटली कशावरून? बॅनरवरून! दत्तानं परभणीहून नवा बॅनर रंगवून आणला. मधोमध त्याचं स्वतःचं तोंड, काळा चष्मा लावलेलं, आणि वर 'दत्ता अँड न्यू तूफान'.

रज्जाकनं बॅनर वरपासून खालपर्यंत बघितला. "ह्यात मी कुठं हाय?"

"हायस की. खाली, कोपऱ्यात. ढोलक काढलीय बघ."

"कोपऱ्यात लोकं चप्पल ठेवतेत, दत्ता."

झालं. रज्जाकनं ढोलक उचलली आणि गेला. महिन्याभरात गावात दुसरा बॅनर लागला: 'ओल्ड तूफान म्युझिकल पार्टी, सोनपेठ. असली आणि जुनी.' दुकानात बसलेले अब्बा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बघा, मी तवाच इचारलं होतं, जुनी कुठं हाय. आली का न्हाई?"

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं, जिंतूरला. आणि लग्नात दोन्ही तूफानं आली. दोघांनीही मंडपाच्या एकेका कोपऱ्यात भोंगे बांधले. आधी कोण वाजवणार यावरून दोघं हटून बसले. गौतम बेंजो घेऊन कधी या कोपऱ्यात, कधी त्या. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वरात निघाली ती गावातल्या ताशावाल्यांच्या आवाजात. माझ्याच लग्नात माझी पार्टी वाजली नाही. बैलगाडीत बसताना मी इतकी रडले की सासरच्यांना वाटलं, पोरीचा आईवर फार जीव दिसतोय.

जिंतूरला मी दहा वर्षं गायले नाही. कोणी बंदी केली नव्हती. आमचे मालक पशुवैद्यकीय दवाखान्यात कारकून, मवाळ माणूस. पण कोणी विचारलंही नाही. मुलं झाली, आत्या गेली. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी चुलीशी होते आणि नकळत हातातला चमचा पातेल्यावर वाजवत राहिले. तिकडं गौतम परभणीला शिक्षक झाला. दत्ता ऊस लावायला लागला. रज्जाकची ओल्ड तूफान कधीतरी थांबली आणि तो दुकानात कात्री घेऊन बसला.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत. घरात तीळ भाजल्याचा वास. दारात कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, एकदम ठेक्यात. मी बाहेर आले. गौतम होता. कानशिलं पांढरी, कॅरिअरला बेंजो.

"ताई, नामांतर झालं," तो म्हणाला. त्यानं सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "आबा म्हणतेत, पैलं गाणं पोरीनं म्हणावं. उद्या सांजच्याला, आमच्या मैदानात. दत्ता आणि रज्जाक दोघं बी येणार हाईत."

"दोघं? एका स्टेजवर?"

तो हसला. "दत्ताला सांगितलं रज्जाक हो म्हणला. रज्जाकला सांगितलं दत्ता हो म्हणला. मास्तर झालो तरी खोटं बोलता येतंय मला."

मालक आतून आले. "तू गातीस?" असं त्यांनी मला इतक्या आश्चर्यानं विचारलं, की मला हसूच आलं. "मग मी पण येतो," ते म्हणाले. "टेपरेकॉर्डर घेऊन येतो."

परभणीचं ते मैदान मी जन्मात विसरणार नाही. निळे झेंडे, निळ्या पताका, गुलालासारखा उधळलेला निळा रंग. तिळगूळ वाटणाऱ्या बायका, खांद्यावर बसलेली लेकरं, फटाक्यांचा धूर. दत्ता ट्रॅक्टरवरून तेच जुनं मशीन घेऊन आला होता. रज्जाक आधीच स्टेजवर ढोलक आवळत बसलेला, दाढीला मेंदी. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मशीन त्येच का?" रज्जाकनं ढोलकीकडं बघत विचारलं.

"त्येच."

"जळका वास येतो का अजून?"

"येतो की. तू तुपली ढोलक बघ. उतरल्यासारखी वाटायलीय."

"ढोलक बराबर हाय. तुझे कान उतरलेत," रज्जाक म्हणाला आणि उठून त्याला अशी मिठी मारली की दोघंही वायरींमध्ये अडकून खाली बसले.

आबांना खुर्चीसकट उचलून स्टेजवर आणलं होतं. त्यांनी मला मानेनं खूण केली. मी माइक हातात घेतला. दहा वर्षांनी. 'उजाडलं गं बाई, उजाडलं.' आवाज निघाला, जाड झालेला, पण माझा. 'माझ्या भीमाच्या पाटीवर...' आणि तेवढ्यात गर्दीतून एक बाई ओरडली, "आता त्या पाटीवर! इद्यापीठाच्या पाटीवर!"

इतकी वर्षं आम्ही ते लेकराच्या पाटीचं गाणं म्हणून गात होतो. त्या एका क्षणात शब्द तोच राहिला आणि अर्थ केवढा तरी मोठा झाला. सगळं मैदान उसळलं. "पाटीवर! पाटीवर!" मला पुढं गाताच येईना. गायची गरजच नव्हती. मी माइक लोकांकडं धरला. आबा खुर्चीत डोळे मिटून, ओठ हलवत बसले होते. त्या जागी, जिथं घाई करायची नसते, तिथं सगळं मैदान थांबलं. कोणी शिकवलं होतं त्यांना? कोणास ठाऊक. थांबलं, आणि मग उठलं.

मालकांनी टेप केलं होतं. घरी येऊन लावलं तर नुसता माणसांचा आवाज. माझा कुठंच ऐकू येत नव्हता. ते मात्र खूश. "केवढं गाजलं बघ," म्हणाले.

नंतर आम्ही पार्टी म्हणून कधी उभे राहिलो नाही. मुलांच्या शाळा, नोकऱ्या, ऊस. आबा गेले, अब्बा गेले, मालक गेले. पण वर्षातून एकदा कोणाकडं तरी भेटायचो, जेवायचो, जुन्या गोष्टींवरून भांडायचो. वाद्य मात्र कोणी काढत नव्हतं.

...बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय. आले वाटतं. दत्ता काठी टेकत पुढं, मागं रज्जाक, खांद्याला ढोलक, नातवाचा हात झिडकारत, आणि गौतम, टोपी, स्वेटर, काखेत बेंजो. दत्ताच्या नातीनं हट्ट धरलाय. डीजे रात्री वाजवा, पण संध्याकाळी आजोबांची पार्टी पाहिजे.

"हितं कुठं बसू?" रज्जाक विचारतोय. "उजव्या कानानं ऐकू येईना मला. बेंजो डावीकडं पायजे."

जागा ठरली. तारा जुळल्या. गौतम चष्म्यावरून माझ्याकडं बघतो.

"ताई, काळी पाचची पट्टी नको आता. तीनवर घेऊ. खाली बरं पडंल तुला."

"कामून?"

"आता वय..."

"काय म्हणतोय त्यो?" रज्जाक.

दत्ता त्याच्या डाव्या कानाशी ओरडतो, "पट्टी उतरव म्हणायलाय गौतम!"

"उतरवायची न्हाई," मी म्हणते. "पाचवरच वाजव."

गौतमची बोटं बटणांवरून वर सरकतात. रज्जाक थाप मारतो, आणि ती थाप या पत्र्याखाली अशी घुमते की वरची झुंबरं हलतात. मी खुर्ची मागं सारते, उभी राहते, भरून श्वास घेते. आबांच्या गाण्याचा पहिलाच सूर फाटतो. कोणी थांबत नाही. दुसऱ्या ओळीला आवाज जागेवर येतो, तिसरीला चढतो, आणि फुलांच्या माळा बांधणारी माणसं शिडीवरून मान वळवून बघायला लागतात.